दिसते तसे नसते : सर्व्हिसची फिरकी आणि मेंदूचा अंदाज

जिमखान्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी हमखास दिसणारे एक दृश्य. टेबल टेनिसच्या टेबलाच्या एका बाजूला जिल्हा पातळीवर खेळलेला विशीतला कॉलेजकुमार. दुसऱ्या बाजूला नोकरीतून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा आणि डोळ्यांना चष्मा लावलेले काका. रॅली लांबली की काका हरतात, यात कुणालाच नवल वाटत नाही. पण काकांच्या सर्व्हिसवर चित्र पालटते. चेंडू संथपणे येतो. मुलगा नेहमीसारखी बॅट लावतो आणि चेंडू सरळ जाळीत. पुढची सर्व्हिस दिसायला अगदी तशीच. या वेळी मुलगा सावध होऊन बॅट आकाशाकडे उघडतो, तर चेंडू छातीएवढा उंच उडतो आणि काका जागचे न हलता तो मारून टाकतात. बाकावर बसलेले हसतात, ‘अरे, एवढा सोपा बॉल घालवलास?’

बॉल सोपा नसतो. मुलाची नजर काकांपेक्षा तीक्ष्ण असते, पाय चपळ असतात, फटक्यात ताकद असते. तरीही तो फसतो, कारण काकांनी त्याच्या डोळ्यांना नव्हे, तर मेंदूला चकवलेले असते. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण टेबल टेनिसच्या सर्व्हिसला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल.

२.७ ग्रॅमची गिरकी

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अवघ्या २.७ ग्रॅम वजनाचा असतो. इतक्या हलक्या वस्तूला रबराने नुसते घासले तरी ती जोरात फिरू लागते. कसलेल्या खेळाडूच्या सर्व्हिसमध्ये चेंडू सेकंदाला ५० च्या आसपास गिरक्या घेऊ शकतो. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात असताना सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

फिरकीचे मुख्य प्रकार तीन. बॅट चेंडूच्या खालच्या बाजूने घासली की चेंडू उलटा फिरतो. ही बॅकस्पिन. असा चेंडू समोरच्याच्या बॅटला लागला की खाली, जाळीकडे जातो. बॅट खालून वर घासली की टॉपस्पिन. हा चेंडू बॅटला लागून वर उडतो. आडवी घासली की साइडस्पिन, मग चेंडू बॅटवरून बाजूला निसटतो. चौथा प्रकार सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत घातक, तो म्हणजे फिरकीच नसलेला चेंडू. बॅकस्पिन आहे असे समजून कुणी त्याच्याखाली बॅट उघडी धरली, तर तो फुग्यासारखा वर जातो.

थोडक्यात, सर्व्हिस परतवणाऱ्याला चेंडू कुठे येतो आहे एवढेच पाहून भागत नाही. तो कसा फिरतो आहे हेही ओळखावे लागते, आणि ते ठरवायला वेळ फारच थोडा असतो. संथ सर्व्हिसही सेकंदाच्या आत समोरच्या बॅटपर्यंत पोहोचते, वेगवान सर्व्हिसला अर्धा सेकंदही लागत नाही.

एकच हालचाल, दोन चेंडू

बॅट आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो काळ सुमारे एक हजारांश सेकंदाचा. फिरकी ठरते ती त्या क्षणात. त्याआधीची आणि नंतरची हाताची सगळी हालचाल म्हणजे, चेंडूच्या दृष्टीने पाहिले तर, निव्वळ देखावा.

फसव्या सर्व्हिसचे सारे कसब या एका गोष्टीवर उभे आहे. घड्याळाच्या लंबकासारखा हात झुलवून केलेली सर्व्हिस घ्या. बॅट वरून खाली येते, तळाशी वळते आणि पुन्हा वर जाते. खाली येताना चेंडूला स्पर्श झाला तर बॅकस्पिन, तळाशी झाला तर साइडस्पिन, वर जाताना झाला तर साइडस्पिनमध्ये मिसळलेली टॉपस्पिन. हाताची कमान तीच, फक्त स्पर्शाची जागा वेगळी. तरबेज खेळाडू तर स्पर्श झाल्यावर लगेच उलट दिशेला हात झटकतो. समोरच्याच्या नजरेत राहतो तो हा झटका, आणि नेमका तोच खोटा असतो.

दुसरी युक्ती त्याहून साधी. मनगट फिरते तेव्हा बॅटचे टोक सर्वांत वेगाने फिरते आणि मुठीजवळचा भाग हळू. टोकाजवळ बारीक घासलेला चेंडू जबरदस्त फिरतो. त्याच हालचालीत मुठीजवळच्या भागाने नुसता ढकललेला चेंडू जवळजवळ फिरतच नाही. काका ज्या दोन सर्व्हिसने मुलाला हैराण करतात, त्या बहुधा याच दोन. त्यासाठी ताकद लागत नाही. लागतात ते मनगटावरचा ताबा आणि आरशासमोर किंवा रिकाम्या टेबलावर घालवलेले तास. सर्व्हिस हा या खेळातला एकमेव फटका आहे, जो पूर्णपणे स्वतःच्या हातात असतो. समोरचा कितीही बलवान असला, तरी तेवढ्यापुरता तो फक्त वाट पाहू शकतो.

डोळे दाखवतात, मेंदू ठरवतो

अशा वेळी लोक ‘रिफ्लेक्स’ कमी पडले म्हणतात. वैद्यकशास्त्रात रिफ्लेक्स म्हणजे विचाराविना होणारी प्रतिक्षिप्त क्रिया, जसे गरम तव्याला लागलेला हात मागे घेणे. सर्व्हिस परतवणे ही तशी क्रिया नव्हे. त्यात पाहणे, ओळखणे, निवडणे आणि हलणे अशा पायऱ्या असतात. दिवा लागताच बटण दाबायचे, एवढ्या साध्या कामालाही निरोगी तरुणाला सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. अनेक पर्यायांतून एक निवडायचा असला की हा वेळ आणखी वाढतो. त्यात बॅट हलवण्याचा वेळ मिळवला, तर चेंडू जाळी ओलांडेपर्यंत निर्णय झालेला असावा लागतो.

बरे, फिरणारा चेंडू डोळ्यांना नीट दिसतही नाही. सेकंदाला पन्नास-साठ वेळांपेक्षा वेगाने होणारे बदल आपल्या दृष्टीला वेगवेगळे कळत नाहीत, ते एकमेकांत मिसळतात. ट्यूबलाइटची लुकलुक कळत नाही, ती यामुळेच. चेंडूवर छापलेला शिक्का मात्र उपयोगी पडतो. तो ओळखू येत असेल तर फिरकी कमी, नुसती पुसट छटा दिसत असेल तर जास्त. अनुभवी खेळाडू ही खूण वापरतात, पण तिचा भरवसा दर वेळी धरता येत नाही.

मग मेंदू काय करतो? तो वाट पाहत बसत नाही, अंदाज बांधतो. याआधी असा हात फिरला तेव्हा चेंडू कसा आला होता, याचा साठा त्याच्याकडे असतो. डोळ्यांकडून येणारी माहिती जितकी अंधुक, तितका तो या जुन्या साठ्यावर जास्त विसंबतो. तिन्हीसांजेला दोरी साप वाटते त्यामागेही हीच यंत्रणा असते. हालचालींचे असे अंदाज बांधण्यात आणि ते चुकले की दुरुस्त करण्यात मेंदूच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

क्रिकेटमध्येही हेच घडते. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून २००० मध्ये प्रसिद्ध केल्या. ‘चेंडूवर नजर ठेव’ असे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. प्रत्यक्षात चांगला फलंदाज चेंडू सुटल्यावर थोडा वेळ त्याच्याकडे पाहतो आणि मग नजर उडी मारून तो जिथे टप्पा घेणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. म्हणजे नजरसुद्धा अंदाजानेच चालते. गुगलीचे मूळही टेबलावरचेच आहे, हे क्रिकेटप्रेमींना ठाऊक असेल. बर्नार्ड बोझान्के या इंग्लिश खेळाडूला ती सुचली, ती टेबलावर टेनिसचा चेंडू टप्पा देऊन समोरच्याला चकवण्याच्या एका घरगुती खेळातून.

मुरलेला खेळाडू कसा फसतो?

येथे एक कोडे आहे. अंदाज बांधण्यात बलवान खेळाडू सरस असतो, तर तो फसायला नको. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ऑस्ट्रेलियाचे ब्रूस ॲबरनेथी यांनी १९८० च्या दशकात बॅडमिंटनच्या खेळाडूंना फटक्यांच्या चित्रफिती दाखवल्या. त्या मध्येच थांबवायच्या आणि शटल कुठे पडेल ते विचारायचे. नवशिके फक्त रॅकेटकडे पाहून अंदाज करत होते. मुरलेले खेळाडू त्याआधी, हाताच्या हालचालीवरूनच बरेच काही ओळखत होते. इटलीचे साल्वातोरे अग्लिओती आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बास्केटबॉलबाबत असेच दाखवले. चेंडू बास्केटमध्ये जाईल की नाही हे खेळाडूंनी नेमणाऱ्याच्या शरीरावरून लवकर ओळखले. वर्षानुवर्षे सामने पाहणाऱ्या प्रशिक्षकांना आणि पत्रकारांना ते तितके लवकर जमले नाही. रग्बीतल्या हुलकावण्यांवरच्या २००६ मधील प्रयोगातही निष्णात खेळाडू नवशिक्यांपेक्षा कमी फसले.

तरीही एक फट उरते. अनुभवी मेंदू शहाणा असतो तो ओळखीच्या प्रदेशात. अनोळखी खूण आली की त्याचा साठा निरुपयोगी ठरतो, आणि साठ्यावर विसंबायची सवय मात्र कायम असते. डावखुऱ्या खेळाडूंचे फटके ओळखणे अनेकांना जड जाते त्याचेही हेच कारण. डावखुरे कमी असल्याने त्यांच्याविरुद्धचा सराव कमी पडतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईत घडले. १९५२ मध्ये टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात आणि तीही मुंबईत भरली. तेव्हा सगळे लाकडावर टणक, ठिपक्याठिपक्यांचे रबर लावलेली बॅट वापरत. तिचा ‘टक टक’ असा स्वच्छ आवाज येई. जपानच्या हिरोजी सातो यांनी मात्र जाड स्पंज लावलेली बॅट आणली. ते त्या संघातले सर्वांत बलवान खेळाडू मानले जात नव्हते. पण त्यांच्या बॅटवरून चेंडू अनपेक्षित वेगाने सुटे आणि आवाज जवळजवळ येतच नसे. प्रतिस्पर्धी गोंधळून गेले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियान यांना हरवून सातो जगज्जेते झाले.

आवाजाचा एवढा फरक का पडावा? कारण मेंदू आवाजाला दृश्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. साध्या चाचणीत हा फरक सुमारे ५० मिलिसेकंदांचा भरतो. त्या पिढीतले खेळाडू नकळत कानांनीही खेळत होते, आणि आवाज नाहीसा झाल्यावर त्यांना ते कळले. पुढे काही खेळाडू सर्व्हिस करताना मुद्दाम पाय आपटत, तेही स्पर्शाचा आवाज झाकण्यासाठीच.

सातोंची पुढची गोष्ट तितकीच बोलकी आहे. एकेरीचे जगज्जेतेपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. स्पंजची जगाला सवय झाली. चकवा कितीही नामी असला, तरी समोरच्या मेंदूला पुरेशी उजळणी मिळाली की त्याची धार जाते.

लपवायचे नाही, दाखवूनच फसवायचे

फसवणूक कुठपर्यंत चालवून घ्यायची, हा प्रश्न या खेळाच्या नियमांनी वेळोवेळी सोडवला आहे. १९५९ मध्ये नुसत्या स्पंजला मनाई झाली आणि रबरासह त्याची जाडी ४ मिलिमीटरवर बांधली गेली. बॅटच्या दोन बाजूंना वेगळ्या गुणांची पण एकाच रंगाची रबरे लावून ती हातात फिरवत राहायची, हा चकवा एकेकाळी फार बोकाळला होता. १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल असे ठरले. काळ्याच्या जोडीला इतर काही रंगही २०२१ पासून चालतात. सामन्यापूर्वी बॅट प्रतिस्पर्ध्याला दाखवावी लागते.

सर्व्हिसबाबत सर्वांत मोठा बदल २००२ चा. त्याआधी खेळाडू दंडाआड किंवा शरीराआड चेंडू मारत, स्पर्श समोरच्याला दिसतच नसे. आता चेंडू उघड्या तळव्यावर ठेवून किमान १६ सेंटिमीटर वर उडवावा लागतो. मोकळा हात लगेच बाजूला घ्यावा लागतो आणि फटका बसेपर्यंत चेंडू समोरच्याला दिसत राहावा लागतो. म्हणजे लपवणे बंद झाले, दाखवून फसवणे मात्र नियमात राहिले. हा फरक महत्त्वाचा आहे. माहिती दडवली तर समोरच्याच्या कौशल्याला वावच उरत नाही. सगळी माहिती समोर ठेवून तिचा अर्थ चुकवायला लावणे हे मात्र कसब आहे. ते शिकता येते, आणि ओळखायलाही शिकता येते.

एका बदलाने दुबळ्या खेळाडूचा फायदाही केला. २००१ मध्ये २१ गुणांचा गेम ११ गुणांचा झाला आणि सलग पाचऐवजी दोनच सर्व्हिस आल्या. सर्व्हिस ओळखू येण्याआधीच गेम संपू शकतो. हुशार खेळाडू म्हणूनच आपली खास सर्व्हिस सुरुवातीलाच उधळत नाही. ९-९ अशा वेळेसाठी ती राखून ठेवतो.

वय वाढते, डाव उरतो

विशीनंतर प्रतिसादाचा वेळ हळूहळू वाढत जातो. चाळिशीनंतर डोळ्यांचे भिंग ताठर होऊ लागते, पुढे गुडघे कुरकुरतात. पण बारीक हालचालींचे मुरलेले कौशल्य आणि डावाची समज सराव ठेवला तर बरीच टिकते. स्वीडनचे यान-ओवे वाल्डनर सर्व्हिसमधल्या चकव्यांसाठी प्रसिद्ध होते. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ३८ व्या वर्षी त्यांनी चीनचे मा लिन आणि जर्मनीचे टिमो बोल या ऐन भरातल्या खेळाडूंना हरवून उपांत्य फेरी गाठली. लक्झेम्बर्गतर्फे खेळणाऱ्या नी शियालियन यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ६१ व्या वर्षी एकेरीचा सामना जिंकला. त्या डावखुऱ्या आहेत आणि लांब ठिपक्यांचे, फिरकीचा अंदाज चुकवणारे रबर वापरतात.

म्हणून काकांनी खेळ सोडू नये. काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. वाचण्यासाठी खालचा भाग असलेल्या बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून टेबलाच्या उंचीवरचा चेंडू पुसट दिसतो. चेंडू ‘कळत नाही’ ही तक्रार कधी कधी एवढ्याचमुळे असते. खेळण्यासाठी एकाच नंबरचा, न फुटणाऱ्या भिंगांचा वेगळा चष्मा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावा. सर्व्हिसचा सराव करताना एकाच बैठकीत शेकडो वेळा मनगट झटकू नये. मनगटाच्या अंगठ्याकडच्या किंवा करंगळीकडच्या बाजूला, किंवा कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, तर स्नायूबंधांवर ताण आला आहे असे समजून थांबावे. तेल चोळून पुन्हा खेळायला उभे राहण्यापेक्षा काही दिवसांची विश्रांती बरी. दुखणे तरीही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर खेळताना साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले की खेळ थांबवून साखर घ्यावी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काहीही जाणवले तर ‘हा गेम संपवू’ म्हणू नये, थेट रुग्णालय गाठावे.

आणि त्या मुलाने काय करावे?

त्याने काकांच्या हाताच्या शेवटच्या झटक्याकडे पाहणे सोडावे. नजर बॅट आणि चेंडूच्या स्पर्शावर ठेवावी. स्पर्शाच्या क्षणी बॅट कोणत्या दिशेने चालली होती, घासली की ढकलली, आवाज बारीक आला की ठसठशीत, याकडे लक्ष द्यावे. टप्पा पडल्यावर चेंडू अडखळतो की पुढे सरकतो, हे पाहावे. शंका असेल तेव्हा जोरात मारण्याऐवजी चेंडू सुरक्षित परतवावा. आणि चुकल्यावर चिडण्याऐवजी आपण काय समजलो होतो आणि चेंडू प्रत्यक्षात कसा निघाला, याची मनाशी नोंद करावी. मेंदू सर्वांत जास्त शिकतो तो चुकलेल्या अंदाजातून, पण चूक झाली हे मान्य केले तरच.

पुष्कळ मुले खेळ संपल्यावर बॅट पिशवीत कोंबून निघून जातात. एखादाच थांबतो आणि म्हणतो, ‘काका, ती सर्व्हिस परत एकदा टाकाल का? कळलीच नाही.’ काका हसून चेंडू हातात घेतात. ‘ये, उभा राहा समोर. हाताकडे नको, बॅटकडे बघ.’ पुढचा अर्धा तास चेंडू जाळीत जात राहतो, उंच उडत राहतो, आणि मग एकदा नीट परत येतो. काकांचे एक हत्यार त्या संध्याकाळी कमी होते. दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या टेबलावर नवी सर्व्हिस घोटायला उभे राहतात.